आयटी सल्लागाराकडून चार्ज घेताना



काही दिवसांपूर्वी रायपूरहून एका शिक्षणसंस्थेच्या सचिवांचा फोन आला. मराठी माणूस, तीन पिढ्या छत्तीसगडात. म्हणाले, "कर्नलसाहेब, आमच्या शाळांचं सगळं सॉफ्टवेअर एक बाहेरची कंपनी सांभाळते. फी, हजेरी, निकाल, सगळं. दरवर्षी बिल वाढतं आणि साधा एक रकाना वाढवायचा म्हटला तर पंधरा दिवस लागतात. आता ठरवलंय, ३१ मार्चला त्यांना नमस्कार करायचा आणि आपलीच दोन मुलं नेमायची. बरोबर ना?"

मी विचारलं, "आज तारीख काय?"

"१२ फेब्रुवारी."

"मग निर्णय बरोबर आहे, तारीख चुकीची आहे."

ते जरा नाराज झाले. पण हे मी पुस्तकात वाचून सांगत नव्हतो. हीच चूक मी स्वतः केलेली आहे, आणि तीही शाळेत नाही, रुग्णालयात. आजचा भाग त्याबद्दल.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. बाहेरचे सल्लागार म्हणजे लुटारू नव्हेत. संस्था लहान असते, कामाची समज असते पण संगणकाची नसते, तेव्हा बाहेरून माणूस आणणं हेच शहाणपणाचं असतं. अडचण पुढे येते. पाच-सहा वर्षांत संस्थेचं सगळं काम त्या यंत्रणेवर चालू लागतं, आणि ती यंत्रणा आतून कशी चालते हे संस्थेतल्या एकालाही माहीत नसतं. बिल वाढतं ते बहुतेक वेळा ह्याच कारणाने. ज्याला आपल्याशिवाय पर्याय नाही हे समोरच्याला कळतं, तो दर कशाला कमी करेल? तुम्ही-आम्हीही केला नसता.

आता माझी गोष्ट. मी सिग्नल्समधला. नोकरीची शेवटची वर्षं महूला गेली, म्हणून निवृत्तीनंतर इंदूरला घर केलं. पुढे त्या भागातल्या एका धर्मादाय रुग्णालयात प्रशासक म्हणून रुजू झालो. सव्वाशे खाटा, स्वतःची लॅब, डायलिसिस. तिथलं सॉफ्टवेअर एका खाजगी कंपनीने बनवलेलं होतं आणि तीच ते सहा वर्षं सांभाळत होती. त्यांचा एक तरुण इंजिनिअर चार वर्षं आमच्याकडे येऊन-जाऊन असायचा. शांत मुलगा. त्याच्याशी कोणाचंच भांडण नव्हतं. भांडण कंपनीच्या बिलाशी होतं.

२०१७ साली त्यांनी करार वाढवताना दर बराच वाढवला. मी चिडलो. फौजेतून आलेल्या माणसाला एक खोड असते, निर्णय लवकर घेण्यात त्याला स्वतःचं कौतुक वाटतं. मी विश्वस्तांना पटवलं, एक महिन्याची नोटीस दिली, दोन हुशार मुलं नेमली. कंपनीने शेवटच्या दिवशी एक पेन ड्राइव्ह दिला आणि चाळीस पानांची पुस्तिका. पुस्तिकेत पडद्यांची चित्रं आणि त्याखाली "इथे क्लिक करा". मी पोच म्हणून सही केली.

ती सही करताना माझा हात थांबायला हवा होता. का, ते सांगतो.

फौजेत एक पलटण चौकीवरून उतरते आणि दुसरी चढते, त्याला रिलीफ म्हणतात. बाहेरच्या माणसाला वाटतं की हे गेले, ते आले, झालं. तसं नसतं. नव्या पलटणीची पुढची तुकडी आधी येते. काही दिवस दोघं एकाच चौकीत राहतात. जुना हवालदार पुढे, नवा मागे, अशी गस्त होते. मग नवा पुढे आणि जुना मागे. दारूगोळा मोजून घेतात. सुरुंगांचा नकाशा नुसता हातात घेत नाहीत, जागेवर जाऊन समजून घेतात, कारण बर्फाने आणि पावसाने सुरुंग जागचे सरकतात. हे सगळं झालं की मग दोन सह्या. एक देणाऱ्याची, एक घेणाऱ्याची.

माझ्या वाट्याला तारा, एक्स्चेंज आणि रेडिओ सेट यायचे. एका उंच चौकीवर मी लाइनचा आराखडा हातात धरून उभा होतो आणि जुना हवालदार म्हणाला, "साहब, काग़ज़ में लाइन पत्थर के ऊपर से है। बर्फ में वहाँ टूटती है, तो हमने नाले के पीछे से एक और डाल दी है।" ती दुसरी लाइन आराखड्यात नव्हती. चौकीचा संपर्क हिवाळाभर तिच्यावरच चालायचा. मी तिथे नुसती सही करून आलो असतो तर पहिल्या वादळानंतर आम्ही लाइन कुठे तुटली ते भलतीकडेच शोधत बसलो असतो.

जे मला तरुणपणी चौकीवर कळत होतं ते साठीजवळ आल्यावर वातानुकूलित खोलीत कळलं नाही.

कंपनी गेल्यानंतर नवव्या दिवशी संध्याकाळी लॅबचे रिपोर्ट वॉर्डात दिसेनासे झाले. मशीन चालू, तपासणी चालू, पण आकडे पडद्यावर येईनात. आमच्या दोन्ही मुलांनी रात्रभर सर्व्हर तपासला. त्यात काहीच बिघाड नव्हता. तोपर्यंत लॅबने हाताने लिहून चिठ्ठ्या पाठवायला सुरुवात केली. रात्री दोनच्या सुमारास एका रुग्णाचं पोटॅशियम ३.८ लिहिलेलं वॉर्डात ५.८ वाचलं गेलं. घाईत लिहिलेले इंग्रजी तीन आणि पाच सारखेच दिसतात. ३.८ म्हणजे ठीक, ५.८ म्हणजे पोटॅशियम उतरवायचं औषध. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी औषध लिहिलंही. पण एका जुन्या सिस्टरांना शंका आली, कारण सकाळी त्याच रुग्णाचा आकडा व्यवस्थित होता. त्यांनी लॅबला फोन केला. म्हणून ते औषध दिलं गेलं नाही.

सकाळी त्यांनी मला हे सांगितलं तेव्हा त्या रागावल्या नव्हत्या, एवढंच म्हणाल्या, "सर, कॉम्प्युटर लवकर सुरू करा." मला त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मी त्या इंजिनिअरला फोन केला. करार संपला होता, त्याने उचलायचं काही कारण नव्हतं. त्याने उचलला आणि दोन मिनिटांत विचारलं, "सर, लैब में टेबल के नीचे एक पुराना पीसी था, वो चालू है?" तो नव्हता. त्याला मॉनिटर नव्हता, वर बोटभर धूळ होती, म्हणून आवराआवर करताना आमच्या मुलांनी तो उचलून गोदामात टाकला होता. लॅबची मशीन आणि सर्व्हर ह्यांच्यामध्ये निरोप्याचं काम करणारा एक छोटा प्रोग्राम त्या पीसीवर चालायचा. तो अधूनमधून अडकायचा आणि हा मुलगा घरून तो परत सुरू करायचा. चार वर्षं. हे पुस्तिकेत नव्हतं, करारात नव्हतं, बिलातही नव्हतं. नाल्यामागची दुसरी लाइन.

ह्यात कंपनीने काही लपवलं असं मी म्हणणार नाही. आम्ही विचारलंच नाही. विचारायला त्या कामाची माहिती असलेला आमचा माणूस समोर बसलेला हवा होता, आणि वेळ हवा होता. आम्ही दोन्ही दिलं नाही.

नंतर मी कंपनीकडे गेलो, टोपी हातात घेऊन म्हणा, आणि चार महिन्यांचा नवा करार केला. फक्त चार्ज देण्याघेण्याचा. आठवड्याला दोन दिवस तोच मुलगा. त्याचे पैसे दिले आणि ते मला जड वाटले नाहीत. पहिले सहा आठवडे तो काम करायचा आणि आमची मुलं बघून लिहून घ्यायची. पुढचे सहा आठवडे आमची मुलं काम करायची आणि तो बघायचा, हात मात्र लावायचा नाही. शेवटचा महिना तो आलाच नाही, फक्त फोनवर होता. त्या महिन्यात आमच्याकडून त्याला अकरा फोन गेले. शेवटच्या आठवड्यात एकही नाही. तेव्हा मी दुसऱ्यांदा सही केली.

ह्या चार महिन्यांत मला ज्या व्यक्तीचा खरा उपयोग झाला ती त्या दोन मुलांपैकी नव्हती. आमच्या रेकॉर्ड विभागात एक ताई होत्या, बी. कॉम., वीस वर्षं तिथेच. काही रुग्णांना दोन-दोन नंबर का आहेत हे मुलांना कळेना, ते म्हणाले की ही चूक आहे, एक नंबर काढून टाकू. ताई म्हणाल्या, "थांबा. डायलिसिसचे रुग्ण सरकारी योजनेतून येतात तेव्हा त्यांचं खातं वेगळं ठेवावं लागतं, नाहीतर क्लेम परत येतो." म्हणजे जी चूक दिसत होती तो नियम होता. ती माहिती ना सॉफ्टवेअर कंपनीला पूर्ण होती, ना आमच्या मुलांना. मग ताईंनाच आम्ही आयटीच्या टीममध्ये घेतलं. त्यांना प्रोग्रामिंग येत नाही, आजही येत नाही. पण कोणताही बदल त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय सर्व्हरवर चढत नाही.

आपली टीम करायची म्हणजे प्रोग्रामर नेमायचे, असा समज आहे. प्रोग्रामर बाजारात मिळतात. आपलं काम असंच का चालतं हे जाणणारा माणूस बाजारात मिळत नाही, तो संस्थेतच कुठेतरी खालच्या टेबलावर बसलेला असतो.

आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं एक उदाहरण देतो. रेल्वेचं आरक्षण. पूर्वी जाडजूड रजिस्टरं असायची, बाबू त्यात नाव लिहायचे. १९८५-८६ मध्ये दिल्लीला संगणकाने आरक्षण सुरू झालं. ती यंत्रणा, तिचं नाव इम्प्रेस, सीएमसी नावाच्या तेव्हाच्या सरकारी कंपनीने रेल्वेसाठी बनवली होती. म्हणजे रेल्वेच्या दृष्टीने बाहेरचीच संस्था. चांगलं काम होतं ते, त्यात वाद नाही. दिल्लीपाठोपाठ मुंबई, कोलकाता, चेन्नई, सिकंदराबाद इथेही यंत्रणा उभ्या राहिल्या. पण पाच शहरांच्या पाच यंत्रणा, आपापल्या जागी स्वतंत्र. माझ्या पिढीतल्या फौजी माणसाला हे चांगलं आठवत असेल. रजेवर जाताना जायचं तिकीट मिळायचं आणि परतीचं तिकडे गेल्यावर.

१९८६ मध्येच रेल्वे मंत्रालयाने क्रिस ही स्वतःची संस्था काढली. तिथे रेल्वेचे अधिकारी आणि सॉफ्टवेअरची माणसं एका छताखाली बसतात. कोटा म्हणजे काय, आरएसी कधी पक्की होते, चार्ट लागल्यावर रिकामी जागा कोणाला जाते, हे ज्याने स्टेशनवर पाहिलंय तो माणूस तिथे प्रोग्रामरच्या शेजारी असतो. क्रिसने कॉन्सर्ट नावाची नवी यंत्रणा बनवली. १९९४ मध्ये ती आधी एकट्या सिकंदराबादला बसवली, आणि १९९९ पर्यंत पाचही केंद्रं एकमेकांना जोडली गेली. तेव्हापासून कुठल्याही खिडकीवरून कुठलंही तिकीट. वर्षं मोजा. १९८६ ते १९९९. आणि मधल्या काळात जुन्या यंत्रणेवर तिकिटं निघतच होती, खिडकी बंद करून कोणी घरी गेलं नाही. मी माझ्या रुग्णालयाला तीस दिवस दिले होते.

परदेशातलं एक उदाहरण आणखी बोलकं आहे. जनरल मोटर्स. १९८४ मध्ये ह्या मोटार कंपनीने ईडीएस नावाची संगणक कंपनीच विकत घेतली. १९९६ मध्ये ती वेगळी काढली आणि पुढे आपलं काम तिला आणि इतरांना बाहेरून दिलं. एकेकाळी आपल्याकडच्या विप्रोलाही त्यात वाटा होता. होता होता २०१२ पर्यंत अवस्था अशी आली की आयटीचं सुमारे ९० टक्के काम बाहेरचे करत होते. त्या वर्षी नवे आयटी प्रमुख रँडी मॉट ह्यांनी जाहीर केलं की हे प्रमाण तीन वर्षांत उलटं करायचं, ९० टक्के घरात. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी काय केलं, तर एचपी कंपनीतली ३,००० माणसं आपल्याकडे घ्यायचं ठरवलं. एचपीने ईडीएस विकत घेतली होती. म्हणजे जी माणसं आधीपासून जनरल मोटर्सचंच काम करत होती तीच आता तिच्या पगारावर आली. तेच लोक, तेच काम, फक्त ओळखपत्र बदललं. मला हे वाचून आमचा इंजिनिअर आठवला. आम्हीही त्याला विचारलं होतं. पण आमच्या जुन्या करारात कलम होतं की कंपनीची माणसं एक वर्ष नेमता येणार नाहीत, आणि तोपर्यंत त्याला हैदराबादला चांगली नोकरी लागली. तुमच्या करारात असं कलम आहे का ते आजच बघा. कंपनीशी गोडीने बोललं तर ते पुष्कळदा सोडतातही.

ह्याच गोष्टीची दुसरी बाजू तुमच्यापैकी अनेकांच्या घरात आहे. बंगळुरू, हैदराबाद, पुण्यात तुमची मुलं-सुना ज्या "जीसीसी"मध्ये काम करतात ना, ती परदेशी कंपन्यांची स्वतःची आयटी टीमच आहे, फक्त ती भारतात बसते. अशी केंद्रं देशात सतराशेच्या वर आहेत. त्यातल्या बऱ्याच कंपन्या पूर्वी हेच काम भारतीय सॉफ्टवेअर कंपन्यांना बाहेरून देत असत.

आता कागदपत्रांचं बोलू. हा भाग रूक्ष आहे पण इथेच सगळे आपटतात.

तुम्ही पैसे देऊन सॉफ्टवेअर बनवून घेतलं म्हणजे ते तुमचं झालं, असं तुम्हाला वाटतं. मलाही वाटायचं. मी वकील नाही, पण आमच्या वकिलांनी मला १९५७ चा कॉपीराइट कायदा उघडून दाखवला. पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेला प्रोग्राम, वेगळं काही ठरलं नसेल तर, मालकाचा असतो. बाहेरच्या कंत्राटदाराने लिहिलेला मात्र सर्वसाधारणपणे त्याचाच राहतो. सरकारी कामाचे नियम वेगळे. तो तुमचा व्हायला लेखी आणि सही केलेलं हस्तांतरण लागतं, हे कलम १९. त्यातही मुदत लिहिली नसेल तर ते पाच वर्षांपुरतंच धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं. तेव्हा हस्तांतरणाच्या कागदावर "कायमस्वरूपी" हे शब्दांत आलं पाहिजे. आमच्याकडे असा कागदच नव्हता. चार महिन्यांच्या करारात आम्ही तो करून घेतला.

दुसरं, कोणती गोष्ट कोणाच्या नावावर आहे. संस्थेच्या वेबसाइटचं नाव सल्लागाराच्या खाजगी ईमेलवरून नोंदवलेलं असतं आणि ते दरवर्षी तोच नूतनीकरण करतो. क्लाउडचं खातं त्याच्या क्रेडिट कार्डावर असतं. रुग्णांना, पालकांना जे एसएमएस जातात त्यासाठी ट्रायच्या नियमांप्रमाणे डीएलटी पोर्टलवर नोंदणी लागते. तिथलं लॉगिन आणि ओटीपी त्याच्याच मोबाइलवर. मुख्य पासवर्ड त्याच्या डोक्यात. ह्यात कपट असतं असं नाही, सुरुवातीला कोणाला वेळ नव्हता आणि त्याने सोय म्हणून केलेलं असतं. ही सगळी खाती, संबंध चांगले असताना, नोटिशीचा विषयसुद्धा काढायच्या आधी, संस्थेच्या ईमेलवर आणि संस्थेच्या मोबाइल नंबरवर आणून घ्या. आणि तो मोबाइल अध्यक्षांच्या नातवाकडे नको.

तिसरं, बॅकअप. "रोज होतो" असं सगळे सांगतात. मी फौजेत जनरेटर चालू करून बघितल्याशिवाय चार्ज घेतला नाही कधी. बॅकअपचंही तसंच. रविवारी एका रिकाम्या संगणकावर तो परत चढवायला सांगा आणि मागच्या मंगळवारच्या एखाद्या रुग्णाचं नाव शोधून दाखवा म्हणा. आमच्याकडे रुग्णांची माहिती परत आली, पण स्कॅन केलेली संमतीपत्रं आली नाहीत. ती वेगळ्या फोल्डरमध्ये होती आणि बॅकअपमध्ये कधी धरलीच नव्हती. सहा वर्षं.

सगळंच घरी आणायचं का? नाही. हिशेबासाठी टॅली आहे, पगारपत्रकासाठी तयार सॉफ्टवेअर मिळतं, ईमेल गूगलचं किंवा मायक्रोसॉफ्टचं घ्या. जे प्रत्येक संस्थेत सारखं असतं ते विकत घ्यावं. जे फक्त तुमच्याच संस्थेत तसं चालतं ते घरात असावं. आमच्यासाठी ते लॅब, डायलिसिस आणि योजनेचे क्लेम होते. शाळेसाठी कदाचित फी-सवलतीचे नियम आणि निकाल असतील. सायबर सुरक्षेची तपासणी मात्र बाहेरच्याकडूनच करून घ्यावी, वर्षातून एकदा. स्वतःच्या चौकीतली भगदाडं स्वतःला दिसत नाहीत.

आणि एक धोका, जो आमच्याकडे दीड वर्षाने आला. आमच्या दोन मुलांपैकी एक पुण्याला गेला. उरलेला फार हुशार, पण हळूहळू तोच एकटा सगळं जाणणारा झाला. रजा मागितली की आमच्या पोटात गोळा. बाहेरचा सल्लागार घालवून आम्ही आतला सल्लागार तयार केला होता. उपाय साधा होता आणि त्याला पैसे लागले: किमान दोन माणसं, बाजाराच्या जवळपास पगार, आणि दर सहा महिन्यांनी कामाची अदलाबदल. विश्वस्त कुरकुरले. मी त्यांना त्या रात्रीचं पोटॅशियम सांगितलं. मंजूर झालं.

खर्चाचं विचाराल, तर पहिल्या वर्षी आम्हाला आधीपेक्षा जास्तच लागला. दोन पगार आणि वर चार महिन्यांचा करार. दुसऱ्या वर्षी बरोबरीत आलो. जो कोणी तुम्हाला पहिल्या वर्षापासून बचत दाखवतो त्याने चार्ज घेण्याचा खर्च धरलेला नाही.

रायपूरच्या सचिवांना मी शेवटी काय सांगितलं? ३१ मार्चला करार संपवू नका, सप्टेंबरअखेरपर्यंत वाढवा, थोडे जास्त पैसे द्या, आणि वाढीव करारात लिहा की ह्या सहा महिन्यांचं काम म्हणजे शिकवणं. वार्षिक निकाल त्यांच्याच हातून लागू द्या, पुढची सहामाही परीक्षा तुमच्या मुलांच्या हातून, ते शेजारी बसलेले असताना. आणि फीच्या खिडकीवर जी सर्वांत जुनी बाई किंवा माणूस बसतो त्याला पहिल्या दिवसापासून त्या खोलीत बसवा. ते म्हणाले, "आमच्याकडे एक मावशी आहेत, पण त्यांना कॉम्प्युटरची भीती वाटते." मी म्हटलं, त्याच.

लॅबच्या टेबलाखालचा तो जुना पीसी आम्ही नंतर बदलला, त्याचं काम सर्व्हरवरच आणलं. पण त्याआधी जवळजवळ वर्षभर तो तिथेच चालू होता. सिस्टरांनी त्याच्यावर पांढरी पट्टी चिकटवून हिंदीत लिहिलं होतं, "बंद मत करना। पूछो।" खाली आयटीच्या दोन्ही मुलांचे आणि ताईंचे फोन नंबर.

जय हिंद.